जवळा बाजारच्या पाणंदी आणि इंग्लंडातला पिवळा बाण

इंग्लंडात फिरून आलेली आपली माणसं लंडनपेक्षा तिथल्या शिवाराबद्दल जास्त बोलतात. भाड्याची गाडी घ्यायची (आपल्या लायसन्सवर पाहुण्याला वर्षभर चालवता येते, शिवाय तिथेही डावीकडूनच), खेड्यात लावायची आणि खुशाल परक्याच्या शेतातून चालू लागायचं. कुंपणाला लाकडी पायऱ्या, खांबावर पिवळा बाण. शेतकरी हटकत नाही, कारण वाट सरकारदरबारी नोंदलेली असते. हा हक्क सुखासुखी मिळालेला नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी किंडर स्काउटच्या पठारावर शेकडो जण जमीनमालकांची बंदी झुगारून चढले. काहींनी त्यापायी तुरुंग पाहिला. पायवाटांची रीतसर नोंद सुरू झाली ती १९४९च्या कायद्याने.

जवळा बाजारला असं भटकता येईल? गाडीचं सोपं आहे. परभणी स्टेशनवर उतरून गाडी ठरवायची, औंढा नागनाथच्या रस्त्यावर गाव लागतंच. गाडीबरोबर ड्रायव्हर येतो, आणि ते बरंच. कुठल्या टपरीवर चहा प्यावा हे नकाशात नसतं.

पायी जायचं तर आधी गावनकाशा बघावा. तुटक एकेरी रेघ म्हणजे पायवाट, रुंदी सव्वाआठ फूट. तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीवाट, साडेसोळा ते एकवीस फूट. कागदावर वाटा आपल्याकडेही आहेतच. पण दरवर्षी एकेक तास पुढे सरकत नांगर पाणंद खातो, आणि गाडीवाटेवर बैलगाडीही अडते. मग तहसीलला अर्ज, पंचनामा, भावकीत अबोला. नांगर तिकडेही वाटेवर चालतो. पण पेरणीसाठी पायवाट मोडली, तर सहसा चौदा दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. आपल्या महसूल संहितेचं कलम १४३ बांधावरून रस्ता देतं, पण शेतकऱ्याला, त्याच्या शेतापुरता. हौशी भटक्याची कायद्याने दखलच घेतलेली नाही. त्याने बांधावर थांबून रामराम घालावा आणि विचारावं, ‘कुठलं गाव?’ एवढी चौकशी झाली की बहुधा वाट मिळते.

पावसाळ्यात मात्र हा नाद नको. काळी माती चपलेला अशी धरते की चार पावलांत पाय उचलवत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी यावं. तेव्हा हळद काढून शिजवलेली असते, वाळवण पसरलेलं असतं आणि तो उग्र, मातकट वास वाऱ्याबरोबर रस्त्यापर्यंत येतो.

आणि आषाढीआधीचा एक दिवस वेगळाच. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी नर्सी, औंढ्यावरून इथे येते. सातशेहून अधिक किलोमीटरची ही पायी वाटचाल. तिला ना पिवळा बाण लागतो, ना कलम १४३. त्या दिवशी येणार असाल तर गाडी परभणीतच ठेवा, इथे लावायला जागा मिळणार नाही.