चुळीने न जाणारा थर

दातांच्या फटीतला कालवलेल्या पिठासारखा पांढरा थर काढावा, पावसाच्या स्वच्छ पाण्यात मिसळावा आणि भिंगाखाली धरावा, हे सुचलं डेल्फ्टच्या एका कापड व्यापाऱ्याला. त्याचं नाव अन्तोनी व्हान लेवेनहुक. रोज सकाळी मिठानं दात घासणारा, जेवणानंतर दात कोरणारा हा माणूस. तरी त्याला त्या थरात असंख्य जीव वळवळताना दिसले. सगळ्या नेदरलँड्समध्ये माणसं नसतील इतके जीव आपल्या एकट्याच्या तोंडात आहेत, असं त्यानं 17 सप्टेंबर 1683 च्या पत्रात लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं.

मला त्याचा पुढचा प्रयोग जास्त मोलाचा वाटतो. त्यानं कडक व्हिनेगरची चूळ भरली आणि पुन्हा पाहिलं. जीव होतेच. व्हिनेगर थराच्या वरवरच्या जिवांनाच मारतं, आत पोचत नाही, हे त्यानं ओळखलं.

आपल्याकडे खाऊन झालं की ‘चूळ भर’ असं लहानपणापासून सांगतात. ते योग्यच आहे; अन्नकण आणि साखर त्यानं निघून जातात. पण दाताला चिकटून बसलेली ही वस्ती चुळीनं हलत नाही, ती घासूनच मोडावी लागते.

दात किडला की आपण ‘कीड लागली’ म्हणतो. गावोगाव रिंगणीच्या बियांचा धूर देऊन ती कीड ‘पाडतात’. दातात अशी आळी नसतेच. काम करतात ते जिवाणू, त्यांतला ठळक स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स; त्याचं वर्णन जे. किलियन क्लार्क यांनी 1924 मध्ये केलं. साखरेपासून तो दोन गोष्टी करतो: दाताला घट्ट धरणारा चिकट पदार्थ आणि आम्ल. थराचा पीएच साधारण 5.5 च्या खाली गेला की दाताच्या कवचातलं कॅल्शियम विरघळू लागतं. लाळ ते हळूहळू परत भरते, मात्र तिला वेळ मिळायला हवा. अमेरिकी संशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी 1940 च्या दशकात हे मोजलं: ग्लुकोजच्या चुळीनंतर पीएच काही मिनिटांत घसरतो, आणि मूळपदी यायला अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त लागतो. म्हणून जेवणाबरोबर दोन करंज्या खाणं आणि फराळाच्या डब्यातून येता-जाता एकेक शंकरपाळं तोंडात टाकणं, यांत दाताच्या दृष्टीनं मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात लाळेला उसंतच मिळत नाही.

हिरड्यांची गोष्ट वेगळी, आणि अधिक दुर्लक्षित. तिथे साखरेपेक्षा साचलेला थर महत्त्वाचा. तो तसाच राहिला की लाळेतल्या क्षारांनी कडक होतो, त्याचं किटण बनतं. हिरडीखालच्या प्राणवायू नसलेल्या फटीत पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारखे जिवाणू वाढतात. त्यांच्याशी लढताना शरीर स्वतःचंच हाड झिजवतं, आणि पुढे न किडलेला दातही हलू लागतो. मशेरी लावणं हा त्यावर उपाय नव्हे. ती तंबाखूच आहे, हिरड्यांना आणि जिवालाही घातक.

घासताना रक्त येतं म्हणून ब्रश बाजूला ठेवणारी माणसं मी घरातच पाहिली आहेत. तेव्हा मला 1965 मध्ये प्रसिद्ध झालेला डेन्मार्कमधल्या ऑर्हूसचा प्रयोग आठवतो. हाराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना, त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी, दात घासणं थांबवायला सांगितलं. 10 ते 21 दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा घासणं सुरू झालं, आणि आठवडाभरात सूज ओसरली.