घरच्या सुतारकामासाठी ट्रॅक सॉ : घेण्यापूर्वी करावयाचा हिशेब

थोरल्या मुलीचे दहावीचे वर्ष सुरू झाले, तेव्हा तिच्यासाठी अभ्यासाचे टेबल स्वतःच करायचे असे मी ठरविले. कचेरीत फायली हाताळणाऱ्या हातांना थोडेफार सुतारकाम येत होते आणि हौसही होती. प्लायवूडचा तक्ता आणला, शेजाऱ्यांकडून फरशी कापण्याचा मार्बल कटर मागून आणला आणि त्याला लाकडाचे पाते लावले. ठिकठिकाणी मिस्त्री लोक याच यंत्राने प्लाय कापताना दिसतात, मग आपल्याला काय होणार आहे, असा विचार होता.

तक्ता अर्ध्यापर्यंत कापला गेला आणि त्याचे दोन्ही भाग मध्येच खाली वाकले. पाते त्यांच्यात आवळले गेले. यंत्र उसळून मागे आले आणि तक्त्यावर टेकलेल्या डाव्या हाताच्या बोटाला चाटून गेले. चार टाके पडले. बोट वाचले हे नशीब नव्हे, केवळ योगायोग. वस्तीतले जुने मिस्त्री पट्टी बांधलेले बोट पाहून एवढेच म्हणाले, “भाऊ, ते हत्यार फरशीचं. लाकडाला लाकडाचं हत्यार घ्यावं.”

पुढे अभ्यासिकेसाठी पुस्तकांच्या मांडण्या करताना त्याच मिस्त्रींनी आणलेली ट्रॅक सॉ मला हाताळावयास मिळाली. तेव्हापासून अनेक जण विचारतात, ‘घ्यावी का? कोणती घ्यावी?’ म्हणून हा लेखप्रपंच.

ट्रॅक सॉ म्हणजे काय?

ट्रॅक सॉ म्हणजे रुळावरून सरकणारी गोल करवत. अ‍ॅल्युमिनियमची लांब पट्टी तक्त्यावर ठेवायची आणि तिच्यावरून यंत्र ढकलायचे. यंत्राच्या तळातील खाच पट्टीवरील उंचवट्यात बसत असल्याने करवत डावी-उजवीकडे हलत नाही. पाते एरवी आवरणात झाकलेले असते. दाबले तरच खाली येते, सोडले की परत आत जाते. पट्टीच्या कडेला रबराची फीत असते. पहिल्या कापाच्या वेळी पाते ती फीत स्वतःच्या रेषेत छाटून घेते. त्यानंतर फितीची कड म्हणजेच कापाची रेषा. पेन्सिलीच्या खुणेवर ती कड ठेवली की काम झाले. शिवाय फीत वरचा थर दाबून धरते, त्यामुळे सनमायकाच्या चिपा उडत नाहीत. मात्र फितीचे हे संरक्षण पट्टीखालच्या भागालाच मिळते. म्हणून कामाचा तुकडा पट्टीखाली आणि टाकाऊ भाग बाहेर ठेवावा.

मार्बल कटर मिनिटाला सुमारे १३,००० फेरे फिरतो, ट्रॅक सॉ साधारणपणे २,००० ते ५,००० च्या आसपास. लाकडाच्या पात्यावर त्याच्या कमाल वेगाचा आकडा छापलेला असतो. यंत्राचा वेग त्याहून अधिक असेल, तर ते पाते त्या यंत्रास कधीही लावू नये.

आधी पट्टी, मग यंत्र

दुकानात गेल्यावर आपण प्रथम वॅट विचारतो. माझ्या मते प्रथम पट्टीची लांबी विचारावी. आपल्याकडे प्लायचा तक्ता ८ फूट बाय ४ फूट, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर असतो. यंत्राबरोबर बहुधा १४०० मिलिमीटरची पट्टी मिळते. तिने चार फुटांचा आडवा काप निघतो, आठ फुटांचा उभा काप निघत नाही. त्यासाठी तशीच दुसरी पट्टी व जोडण्याचे दांडे लागतात. जोडलेल्या पट्ट्या सरळ रेषेत आहेत की नाहीत, हे लांब सरळकाठी लावून तपासावे.

प्रत्येक कंपनीची पट्टी प्रत्येक यंत्राला चालत नाही, हेही ध्यानात ठेवावे. मकिता व फेस्टूल यांच्या पट्ट्या एकमेकांच्या करवतींना बऱ्याच अंशी चालतात. बॉशची व मॅफेलची पट्टी आपसांत जुळते. एकदा पट्टी घेतली की पुढची यंत्रेही त्याच घराण्यातील घ्यावी लागतात. म्हणून अनोळखी नावाचे स्वस्त यंत्र घेताना त्याची पट्टी, पाते व कार्बन ब्रश पाच वर्षांनी मिळतील काय, हा प्रश्न अवश्य विचारावा.

किती मोठी?

घरकामासाठी १६० ते १६५ मिलिमीटर पात्याचे यंत्र पुरेसे आहे. ते सुमारे ५५ मिलिमीटर खोल कापते. पट्टीची जाडी वजा जाता पन्नासच्या आसपास उरतात. प्लाय १८ किंवा १९ मिलिमीटरचा, म्हणजे दोन तक्ते एकावर एक ठेवले तरी ३८ च होतात. पावसाळ्यात फुगलेल्या दाराची खालची कड छाटण्यासही एवढी खोली चालते. याहून मोठे यंत्र जड व महाग असते आणि आपल्याला त्याची गरज पडत नाही.

प्लाय व सनमायकासाठी बारीक आणि जास्त दात्यांचे, म्हणजे साधारण ४८ दात्यांचे पाते घ्यावे. भरीव लाकूड उभे चिरण्यासाठी कमी दात्यांचे पाते वेगळे ठेवावे. बोथट पाते जोर मागते, आणि जोर लावला की अपघात ठरलेला.

वायरचे यंत्र घ्यावे की बॅटरीचे? घरी वापरायचे असेल तर वायरचे. ते स्वस्त पडते आणि बॅटरी म्हातारी होण्याची चिंता नाही. १३०० वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर साडेपाच अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह घेते. त्याच बोर्डावर १२०० वॅटचा व्हॅक्यूम लावला तर बेरीज अकराच्या घरात जाते. सहा अँपिअरच्या साध्या प्लगवर दोन्ही चालवू नयेत. पंधरा-सोळा अँपिअरचा मोठा प्लग वापरावा.

भुसा आणि फुप्फुसे

दोन खोल्यांच्या घरात हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात लाकडाचा भुसा माणसात कर्करोग निर्माण करणारा ठरविला आहे. ट्रॅक सॉचे मोठे गुण दोन : सरळ काप आणि झाकलेले पाते. झाकलेल्या पात्यामुळे व्हॅक्यूमची नळी जोडली की बराचसा भुसा जागीच ओढला जातो. नळी न जोडता हे यंत्र घरात चालविणे म्हणजे मुलांच्या अंथरुणावर भुसा पसरणे होय. नळी जोडली तरी मास्क, चष्मा व कानांचे बोळे हवेतच. शक्यतो गच्चीवर किंवा अंगणात, शेजाऱ्यांच्या विश्रांतीची वेळ टाळून काम करावे.

माझी चूक तुम्ही करू नका

तक्ता अधांतरी ठेवून कापू नये. जमिनीवर जाड थर्माकोल किंवा जुन्या लाकडी पट्ट्या अंथराव्यात, म्हणजे कापल्यावर दोन्ही भागांना आधार राहतो आणि पाते आवळले जात नाही. पाते तक्त्याच्या जाडीपेक्षा चार-पाच मिलिमीटरच खाली उतरेल, अशी खोली बांधावी. काही यंत्रांत पात्यामागे काप उघडा ठेवणारी पाचर असते. तशी मिळाल्यास उत्तमच. यंत्राच्या थेट मागे उभे राहू नये, एका अंगाला राहावे. पाते बदलताना आधी प्लग काढावा. बटण बंद करणे पुरेसे नाही.

शेवटी जमा-खर्च

आम्ही हिशेबाची माणसे. यंत्राच्या किमतीपुढे दुसरी पट्टी, जोडदांडे, दोन शिकंजे, सुटे पाते, व्हॅक्यूम व मास्क मांडा. खरी किंमत ही बेरीज आहे. समोर लिहा, वर्षभरात आपण किती तक्ते कापणार. एकच कपाट करायचे असेल, तर यंत्र घेऊ नका. मोठ्या शहरांत प्लायच्या काही दुकानांत मापाने तुकडे कापून मिळतात. घरी फक्त जोडणी करा, किंवा मिस्त्रींना बोलवा. त्यांच्या हाताला काम मिळेल आणि आपल्याला शिकायलाही मिळेल.

आम्ही सहा जणांनी वर्गणी काढून एक संच घेतला. नोंदवही माझ्याकडे आहे : कोणी नेले, कधी परत दिले, पाते कितीदा धार लावून आणले. नियम दोनच. एकट्याने चालवायचे नाही आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या हाती द्यायचे नाही.

मुलीचे टेबल आता नवे आहे. जुन्याची वाकडी फळी मी टाकली नाही. नोंदवही ज्या कप्प्यात असते, त्याचे ते बूड आहे. यंत्र न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मी प्रथम ती फळी दाखवितो आणि मग बोट.