दिल्लीत बदलीवर आलेले दगड

महाराष्ट्रातून गेलेला माणूस ‘दिल्ली दर्शन’च्या बसमध्ये बसतो आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या डोक्यात घराण्यांची एक रांग उभी राहते. गुलाम, खिलजी, तुघलक, सय्यद, लोदी, मोगल, इंग्रज. कुणी काय बांधले, किती साली बांधले, किती उंच बांधले. गाइड तेच सांगतो आणि शाळेतही तेच पाठ केलेले असते. या यादीत चूक काही नाही, पण तिने दिल्ली कळत नाही. कारण इथे नवे बांधण्याइतकाच मोठा उद्योग जुने उचलून आणण्याचा होता. खासदार, सचिव, फौजी, वार्ताहर असे बदलीवर आलेल्यांचे हे शहर. इथले दगडही बरेचसे बदलीवरच आलेले आहेत.

कुतुबच्या आवारापासूनच बघा. सगळे मान वर करून मिनार पाहतात. त्याच्या पायाशी जी मशीद आहे तिच्या खांबांकडे मात्र फोटो काढण्यापुरतेच लक्ष जाते. हे खांब देवळांचे आहेत. सत्तावीस देवळांचे साहित्य वापरल्याचे मशिदीच्या पूर्वेकडच्या दारावरचा फारसी लेख स्वतःच सांगतो, त्यात लपवाछपवी नाही. एका खांबाने उंची पुरेना म्हणून एकावर एक दोन खांब रचले. त्यांच्यावर साखळीला लटकलेल्या घंटा आणि पूर्णकुंभ अजून स्पष्ट दिसतात, मूर्तींचे चेहरे तेवढे घासलेले. या जागेवर हल्ली भांडण फार होते आणि भांडणात बघणे राहून जाते. मशिदीपुढच्या दगडी पडद्याच्या कमानी नीट पाहिल्या तर त्या खऱ्या कमानीच नाहीत. दगडाचा एकेक थर थोडा पुढे सरकवत दोन्ही बाजू वर नेऊन भिडवल्या आहेत, आपल्याकडच्या जुन्या देवळांत छत घेतात तसे. हुकूम तुर्की राज्यकर्त्यांचा होता, पण हात इथल्याच पाथरवटांचे होते. मागणी कमानीची आली आणि त्यांनी ती आपल्या पद्धतीने भागवली.

याच अंगणातला लोहस्तंभही इथला नाही. सुमारे सात मीटर उंचीचा, सहा टनांहून जड असा हा खांब गुप्तकाळातला. त्याच्यावर ‘चंद्र’ नावाच्या राजाचा लेख आहे आणि हा चंद्र म्हणजे दुसरा चंद्रगुप्त, असे बहुतेक अभ्यासक मानतात. विष्णूचा ध्वज म्हणून तो एका टेकडीवर उभारल्याचे लेखात म्हटले आहे. ती टेकडी दिल्लीत नव्हे. आयआयटी कानपूरचे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी ती विदिशेजवळची उदयगिरी असल्याचे मत मांडले. खांब का गंजत नाही याचा उलगडाही त्यांनीच केला. कोळशावर गाळलेल्या त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त राहिले आणि हवेतल्या ओलाव्याशी संयोग होऊन खांबावर एक पातळ संरक्षक थर धरला. पाठ टेकवून मागे हात जुळवले की मनातले पुरे होते, या समजुतीने लोक पिढ्यान्‌पिढ्या त्या थरावर घाम पुसत राहिले. शेवटी 1997मध्ये पुरातत्त्व खात्याने खांबाभोवती कुंपण घातले.

याच आवारातल्या हिरवळीवर एक दगडी छत्री एकटीच बसलेली आहे. 1803च्या भूकंपात मिनाराचे टोक पडल्यावर रॉबर्ट स्मिथ या इंग्रज लष्करी अभियंत्याने ती 1828मध्ये वर चढवली होती. इतकी विजोड दिसे, की वीस वर्षांनी गव्हर्नर जनरल हार्डिंगने ती उतरवायला लावली.

पण उचलून आणण्याच्या या उद्योगाचा खरा नायक फिरोजशहा तुघलक. त्याने 1351 ते 1388 राज्य केले आणि त्याला जुन्या वस्तूंचे मनापासून वेड होते. हरियाणातल्या टोपरा गावी त्याला एक गुळगुळीत दगडी खांब दिसला. गावकरी त्याला भीमाची काठी म्हणत. तो आपल्या नव्या फिरोजाबाद शहरात हवा, असे सुलतानाने ठरवले. पुढे जे घडले ते शम्स-ए-सिराज अफीफ या इतिहासकाराने इतके तपशीलवार लिहिले आहे, की आजच्या कंत्राटदाराने वाचावे. आसपासच्या गावांतून सावरीचा कापूस गोळा करून खांबाभोवती त्याच्या राशी घातल्या. पायथा खणल्यावर खांब त्या कापसावर अलगद आडवा झाला. मग कापूस थोडा थोडा काढत तो जमिनीवर टेकवला. बोरू आणि कच्च्या कातड्यांत तो गुंडाळला. बेचाळीस चाकांची गाडी बनवली, प्रत्येक चाकाला दोर आणि प्रत्येक दोराला दोनशे माणसे, म्हणजे हिशेबाने 8400. असा तो यमुनेपर्यंत ओढला, मोठ्या नावांवर चढवला आणि दिल्लीत आणून राजवाड्याजवळच्या मजल्यामजल्यांच्या इमारतीवर उभा केला. फिरोजशहा कोटल्यात तो आजही तिथेच आहे. क्रिकेटच्या मैदानाला लागूनच हे अवशेष आहेत. सामन्याला येणाऱ्या हजारोंना भिंतीपलीकडे काय आहे हे ठाऊक नसते, हे मला या शहराचे मोठे नवल वाटते.

खांबावर काय लिहिले आहे हे फिरोजशहाने पंडितांना बोलावून विचारले. कुणालाच वाचता आले नाही. ब्राह्मी लिपी तोवर विस्मृतीत गेली होती. 1837मध्ये कोलकात्याच्या टांकसाळीतला अधिकारी जेम्स प्रिन्सेप याने ती सोडवली तेव्हा कळले, की हा अशोकाचा स्तंभ आहे. त्याच्यावरचा सातवा स्तंभलेख इतर कुठल्याही स्तंभावर नाही. रस्त्याकडेला वड लावले, आमराया केल्या, विहिरी खोदल्या, धर्मशाळा बांधल्या, याचा हिशेब त्यात राजा स्वतः देतो. म्हणजे ज्या सुलतानाला वाचता आले नाही, त्यानेच हा मजकूर आपल्यासाठी जपून ठेवला. टोपऱ्याच्या शेतात तो खांब टिकला असता की नाही, कोण सांगणार?

टिकण्याची शंका उगाच नाही. फिरोजशहाने मेरठहून आणलेला दुसरा अशोकस्तंभ उत्तरेकडच्या रिज नावाच्या टेकाडावर उभा केला होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला फर्रुखसियरच्या काळात दारूगोळ्याच्या स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले. लेखाचा भाग कोलकात्याला गेला, परत आला, आणि 1867मध्ये तुकडे जोडून तो पुन्हा उभारला. सांधे आजही दिसतात.

हा स्तंभ ज्या रुग्णालयाजवळ आहे त्याचे नाव हिंदूराव. रोज शेकडो दिल्लीकर ते नाव घेतात आणि ते कुणाचे हे मराठी माणसालाही सहसा माहीत नसते. हे हिंदूराव घाटगे कोल्हापूरजवळच्या कागलचे, सर्जेराव घाटग्यांचे चिरंजीव आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. 1835मध्ये दिल्लीचा इंग्रज अधिकारी विल्यम फ्रेझर याचा खून झाल्यावर रिजवरचा त्याचा बंगला हिंदूरावांनी घेतला. 1857च्या वेढ्यात तो बंगला इंग्रजांचे पुढचे ठाणे होता आणि सर्वांत जास्त गोळे त्यानेच खाल्ले. पुढे तिथे रुग्णालय आले. मालक बदलले, काम बदलले, नाव तेवढे घाटग्यांचे राहिले.

निजामुद्दीनजवळ मथुरा रोडला लागून अब्दुल रहीम खानखानानचा मकबरा आहे. शाळेत हिंदीच्या तासाला ज्यांचे दोहे आपण पाठ केले तेच हे रहीम. अहमदनगरच्या निजामशाहीशी मोगलांच्या बाजूने वर्षानुवर्षे लढलेले सेनापतीही तेच. मकबरा त्यांनी 1598मध्ये पत्नीसाठी बांधला आणि पुढे स्वतःही तिथेच विसावले. दीडशे वर्षांनी, 1753-54च्या सुमारास, अवधचा नवाब सफदरजंग याच्या मकबऱ्याचे काम निघाले. मोगल खजिन्यात तोवर खडखडाट होता. मग रहीमच्या मकबऱ्याचा संगमरवर आणि लाल दगड उतरवून तिकडे नेला. सफदरजंगचा घुमट पाहताना एक प्रकारचा ओढूनताणून आणलेला थाट जाणवतो तो यामुळेच. रहीमचा मकबरा अडीचशेहून अधिक वर्षे सोललेला उभा होता. आगाखान ट्रस्टने काही वर्षे खपून त्याची डागडुजी केली आणि 2020मध्ये तो पुन्हा खुला झाला. घुमटावर संगमरवर मुद्दामच सगळीकडे चढवलेला नाही. काय गेले ते दिसावे, हे मला पटते.

आता लाल किल्ला. इथे आपल्याला जरा अवघडून बसावे लागते.

दिवाण-ए-खासचे छत चांदीचे होते. मयूर सिंहासन 1739मध्ये नादिरशहाने नेले, हे सगळे जाणतात. छताचे काय झाले, हे गाइड सांगतो आणि समोर मराठी मंडळी आहेत हे कळले की आवाज थोडा खाली आणतो. ते सदाशिवरावभाऊंनी 1760च्या ऑगस्टमध्ये उतरवले आणि वितळवून रुपये पाडले. नऊ लाखांचा आकडा सांगितला जातो. पानिपतला पाच महिने उरले होते. फौज महिनोन्‌महिने घराबाहेर, बाजारबुणगे सोबत, उत्तरेतून वसुली नाही, पुण्याहून पैसा नाही. गरज खरीच होती. पण गरज सफदरजंगच्या माणसांनाही होती आणि नादिरशहाकडेही कारणे असतीलच. चांदी आपण काढली की ‘नाइलाज’ आणि दुसऱ्याने काढली की ‘लूट’, ही दोन मापे आपल्या ऐतिहासिक लेखनाने फार दिवस वापरली.

दिल्ली घेतल्यावर भाऊंनी तिचा बंदोबस्त ज्यांच्याकडे सोपवला ते नारोशंकर राजेबहाद्दर. नाशिकला गोदाकाठच्या त्यांच्या देवळात जी प्रसिद्ध घंटा आहे ती पोर्तुगिजांची, वसईच्या विजयातून आलेली. ती वाजताना ऐकून कुणाला लूट आठवत नाही.

छताचे दुःख मात्र मोठ्या दुःखात बुडाले. 1857नंतर इंग्रजांनी किल्ल्याच्या आतले बहुतेक महाल पाडून तिथे बराकी बांधल्या. आज दिवाण-ए-आम आणि नदीकडचे मोजके महाल पाहून आपण ‘किल्ला पाहिला’ म्हणतो, ते मूळ राजवाड्याचे उरलेले तुकडे आहेत. दिवाण-ए-आममधल्या तख्तामागे रंगीत दगडांत जडवलेले पक्षी आणि सारंगी वाजवणारा ऑर्फियस आहे. युरोपीय कारागिरीची ही जडावाची नक्षी एका इंग्रज अधिकाऱ्याने तेव्हाच काढून लंडनला नेऊन विकली. लॉर्ड कर्झनने ती परत आणवली आणि इटालियन कारागीर बोलावून बसवून घेतली. गेलेली वस्तू परत आल्याचे या शहरातले हे दुर्मीळ उदाहरण.

इंग्रजांची नवी दिल्लीही या खेळातून सुटली नाही. 1911च्या दरबारात पंचम जॉर्जने राजधानीची कोनशिला बसवली ती उत्तरेकडे, दरबाराच्या छावणीजवळ. पुढे जागा नापसंत ठरली आणि कोनशिलाच रायसीनाला हलवावी लागली. त्याच राजाचा पुतळा इंडिया गेटजवळच्या छत्रीखाली उभा होता. तो 1968मध्ये हटवला आणि दरबाराच्या मूळ मैदानावर, म्हणजे आजच्या कॉरोनेशन पार्कमध्ये ठेवला. चौपन्न वर्षे छत्री रिकामी होती. 2022च्या सप्टेंबरमध्ये तिथे नेताजींचा 28 फुटी ग्रॅनाइटचा पुतळा आला. तो दगडही तेलंगणातून आणलेला.

तेव्हा पुढच्या खेपेला दिल्ली पाहायची असेल तर घराण्यांचा क्रम सोडा आणि उचलाउचलीचा क्रम धरा. सफदरजंगच्या आधी रहीमचा मकबरा पाहा, म्हणजे पुढे काय पाहतो आहोत ते कळेल. कोटल्याला जमल्यास गुरुवारी जा. त्या दिवशी तळघरांच्या कोनाड्यांत लोक जिनांच्या नावे अर्ज लिहून ठेवतात, सरकारी अर्जासारखेच, प्रती काढून. एक सकाळ रिजसाठी राखून ठेवा आणि रिक्षावाल्याला फक्त हिंदूराव म्हणा, तो बरोबर सोडेल. लाल किल्ला सोमवारी बंद असतो, तेवढे पाहून तिकीट काढा.