गिरगावचा कातळ आणि वाडीवरची विहीर



उन्हाळा आला की आपल्या मंडळीत एक प्रश्न हमखास निघतो. जव्हार-मोखाड्याकडे पावसाळ्यात मुंबईइतकाच, कधी त्याहून जास्त पाऊस पडतो. मग मार्च उजाडला की तिथल्या आयाबहिणींना डोक्यावर हंडे घेऊन पाण्यासाठी एवढी पायपीट का करावी लागते? पाणी जाते कुठे? मी गिरगावात बरीच वर्षे भूगोल शिकवला, म्हणून उत्तर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. उत्तर खडकात आहे. तोच खडक आपल्याही पायाखाली आहे, म्हणून सुरुवात घरापासूनच करतो.

स्वयंपाकघरातले तीन खडक

खडकांचे मुख्य प्रकार तीन, आणि चाळीतल्या जुन्या स्वयंपाकघरात ते तिन्ही सापडतात. पाटा-वरवंटा काळ्या पाषाणाचा, म्हणजे बसाल्टचा. पृथ्वीच्या पोटातला तप्त रस वर येऊन थिजला की असा खडक बनतो. त्याला अग्निजन्य खडक म्हणतात. पायाखालची शहाबादी फरशी हा गाळाचा खडक. फार पूर्वीच्या समुद्रतळाशी चुन्याचा गाळ थरावर थर साचला, वरच्या भाराने दबला आणि त्याचा दगड झाला. म्हणूनच ती फरशी खाणीतून थराथराने सुटते. संगमरवरी पोळपाट हा रूपांतरित खडक. चुनखडी जमिनीत खोल गाडली गेली आणि उष्णतेने व दाबाने तिचे कण नव्याने जुळले, की तिचा संगमरवर होतो.

यातला कोणताही प्रकार कायमचा नाही. अग्निजन्य खडक झिजतो, त्याचा गाळ नदीतून समुद्रात जातो, गाळाचा दगड होतो, तो दगड खोल जाऊन बदलतो किंवा पुन्हा वितळतो. हे चक्र आजही चालू आहे.

मलबार हिलच्या पोटात

गिरगाव म्हणजे गिरीच्या पायथ्याचे गाव, अशी या नावाची फोड सांगतात. तो गिरी म्हणजे आपली मलबार हिल. ती बसाल्टच्या जुन्या कण्याचा भाग आहे. दोन टेकड्यांच्या रांगांमधला सखल भाग वाळूने, चिखलाने आणि पुढे माणसाने घातलेल्या भरावाने भरत गेला.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. तेव्हा जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा उतू गेलेल्या दुधासारखा चहूकडे पसरला. एक थर थंड झाला की त्यावर दुसरा, मग तिसरा. यातला मोठा भाग दहा लाख वर्षांच्या आत घडला. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश या थरांखाली आहे. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखरही अशाच थरांची उतरंड आहे. मुंबईचे खडक या काळाच्या शेवटाकडचे.

दोन थरांच्या मध्ये कधी कधी हजारो वर्षांची शांतता असे. तेवढ्या काळात तळी साचत, झाडेझुडपे वाढत. वरळीला अशा एका तळ्याच्या गाळात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडले. रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. चौपाटीपासून प्रियदर्शिनी पार्कपर्यंत सुमारे २ किलोमीटरचे जे जुळे बोगदे २०२४ मध्ये वाहतुकीला खुले झाले, ते याच टेकडीच्या पोटातून कोरलेले आहेत.

पाऊस पडतो, पाणी राहत नाही

चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजला ज्यांचे नाव आहे, त्या डॉ. जॉन विल्सन यांनी १८४३ मध्ये वारली आणि काथोडी या उत्तर कोकणातल्या जमातींविषयी लेख प्रसिद्ध केला होता. गिरगावातून त्या डोंगरांकडे पाहण्याची परंपरा अशी जुनी आहे. आणि ते डोंगरही आपल्यासारखेच लाव्हाच्या थरांचे आहेत.

आता विहिरीकडे येऊ. घट्ट बसाल्टमध्ये पाणी शिरायला जवळजवळ जागाच नसते. पाणी राहते ते वरच्या कुजलेल्या मुरमात, खडकाच्या भेगांत, आणि लाव्हातला वायू निसटताना ज्यात बुडबुड्यांची भोके राहिली अशा सच्छिद्र थरात. डोंगरउतारावर मुरूम थोडा आणि उतार फार. पडलेला पाऊस भराभर ओढ्यातून वाहून जातो. जो मुरतो, तो खालच्या घट्ट थरावर अडतो, आडवा सरकतो आणि कड्यावरून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतो. होळीपर्यंत तो साठा संपतो.

आणखी एक गोष्ट आहे. लाव्हा वर येताना काही उभ्या भेगांतच थिजला. अशा काळ्या भिंती उत्तर कोकणात जागोजागी आहेत. त्यांतली एखादी भिंत जमिनीखाली बंधाऱ्यासारखी पाणी अडवते. तिच्या एका बाजूची विहीर मे महिन्यातही भरलेली, तर पलीकडची कोरडी, असेही होते. जागा न पाहता घट्ट कातळात कितीही खोल बोअर मारली, तरी बहुधा दगडाची भुकटीच हाती येते.

कातळही कुजतो

खडकावर घर बांधणाऱ्या शहाण्या माणसाचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. सह्याद्रीच्या उतारावरचा आदिवासी बांधव घर बांधतो तेव्हा खडक असतो खरा, पण त्याच्यावर मुरूम आणि मातीचा जाड थर असतो. ऊन, पाणी आणि झाडांची मुळे कातळाला सतत कुजवत असतात. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे त्याचे थर सुटतात, आधी मुरूम होतो, मग माती. याच मातीवर नागली आणि वरई पिकते. पण दिवसेंदिवस मुसळधार पाऊस लागला की हा थर पाण्याने जड होतो, त्याची पकड सुटते आणि खालच्या घट्ट कातळावरून तो एकाएकी घसरतो.

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव असेच गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. दोन्ही वस्त्या आदिवासींच्या होत्या. कोट्यवधी वर्षांच्या संथ झिजेतले काही क्षण असे येतात, आणि त्यांची किंमत बहुतेक वेळा डोंगरावरचा गरीब माणूस मोजतो.

आपल्याला काय करता येईल

विहिरीसाठी देणगी देताना एक प्रश्न जरूर विचारा: जागा कोणी पाहिली? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हे राज्य सरकारचे खाते आहे. त्याच्या भूवैज्ञानिकांकडून पाहणी करून घेतली तर पैसा कातळात जात नाही. बारमाही झरा असेल, तर तो बांधून पाणी नळाने वाडीपर्यंत आणणे अनेकदा नव्या बोअरपेक्षा स्वस्त पडते. वाडीतल्या वयस्क मंडळींनाही विचारा. कोणता झरा कधी आटतो, हे त्यांना तोंडपाठ असते.

पावसाळ्यापूर्वी वाडीभेटीला जाल तेव्हा उताराकडे नजर टाका. वरच्या अंगाला जमिनीला नवी भेग पडली आहे का? झाडे किंवा विजेचे खांब कलले आहेत का? पावसात झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, किंवा नसलेल्या ठिकाणी पाणी फुटले, असे कोणी सांगते का? यातले काहीही दिसले तर लगेच तहसील कार्यालयाला कळवा. आणि पाऊस वाढला तर माणसांनी रात्र पडायच्या आत खाली सुरक्षित जागी यावे, असे आग्रहाने सांगा.

ब्लँकेटे आणि वह्या आपण दरवर्षी नेतोच. यंदा त्यांच्याबरोबर हे चार प्रश्नही घेऊन जाऊ या.