पंखा उलटा, होडी सुलट

यांत्रिक होडी खाडीच्या मुखाशी येते, ओहोटीचे पाणी समोरून लोटत असते, आणि नेमक्या त्याच क्षणी इंजिनाचा आवाज वाढूनही होडी जागची हलत नाही. इंजिन निर्दोष असते, पाण्यातला पंखाही शाबूत असतो. दोष असतो तो या दोहोंच्या मधल्या गिअरपेटीत. पुढे जाण्याचा क्लच झिजून घसरू लागलेला असतो. होडी खडकाकडे वाहत जाण्याचे भय एकीकडे, आणि नव्या गिअरपेटीचा खर्च दुसरीकडे!

ही पेटी काय करते, ते प्रथम पाहू. होडीचे डिझेल इंजिन एकाच दिशेने फिरते. होडी मागे घ्यायची तर पंखा मात्र उलट फिरला पाहिजे. म्हणून पेटीत दोन क्लच असतात. पुष्कळ पेट्यांत क्लच म्हणजे चकत्यांचा संच होय. चकत्या एकमेकींवर दाबल्या गेल्या की घर्षणामुळे इंजिनाची शक्ती पंख्याकडे जाते. एका मार्गात दातेरी चाके थेट गुंतलेली असतात. दुसऱ्या मार्गात एक जादा चाक असते, व त्यामुळे फिरण्याची दिशा पालटते.

पण कामाची वाटणी समान नसते. पुढचा क्लच तासन्‌तास पूर्ण भार वाहतो. मागचा केवळ धक्क्याला लागताना क्षणभर उपयोगी पडतो. गोठ्यात दोन बैल असावेत आणि रोज एकालाच जुंपावे, तसा हा प्रकार आहे.

यातूनच एक युक्ती निघाली. पंखा काढून त्याच्या जागी विरुद्ध पीळ असलेला पंखा बसवायचा, आणि दांडा पुढे लोटताच मागचा क्लच पकड घेईल अशी केबल जोडायची. होडी पूर्वीसारखीच पुढे जाते, परंतु भार वाहतो तो विसावलेला क्लच. जुनाच पंखा पालथा बसवून मात्र हे साधत नाही. नट उलटा केला म्हणून त्याचा आटा डावा होत नाही. पंख्याचेही तसेच आहे.

ही युक्ती प्रत्येक पेटीला मानवत नाही. हर्थच्या एच.बी.डब्ल्यू. जातीच्या लहान पेट्यांत दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या असून, कोणतीही बाजू पुढे जाण्यासाठी योजता येते. उलट, बोर्ग-वॉर्नरच्या वेल्व्हेट ड्राइव्ह ७१सी या पेटीत मागची गती थोड्या वेळापुरतीच अभिप्रेत आहे. तीवर सतत प्रवास केल्यास पेटी बिघडते. म्हणून निर्मात्याची पुस्तिका पाहिल्यावाचून हा बदल करू नये.

दोन्ही बाजूंचे प्रमाणही भिन्न असू शकते. यानमारच्या केएम२पी पेटीच्या एका प्रकारात ते पुढे २.६२ व मागे ३.०६ असते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असता पंखा पहिल्या प्रमाणात सुमारे ११४५, तर दुसऱ्यात सुमारे ९८० फेरे घेतो. असा फरक असेल, तर नवा पंखा निवडताना त्याच्या पात्यांचा पीळही त्या मानाने बदलावा लागतो.

सवयही बदलावी लागते. उजव्या पंख्याची होडी मागे येताना तिची शेपटी डावीकडे सरकते. डाव्या पंख्याची उजवीकडे. वर्षानुवर्षे एकाच बाजूने धक्क्याला लागणाऱ्या तांडेलाने याचा सराव मोकळ्या पाण्यात आधी करावा.

आणि या सर्वांपूर्वी केबल तपासावी. दांडा पूर्ण टोकापर्यंत जात नसेल, तर चकत्यांवर पुरेसा दाब येत नाही आणि चांगला क्लचही घसरून जळतो. हा दोष तसाच राहिला, तर नव्याने जुंपलेला क्लचही त्याच वाटेने जाईल. तेलाची पातळीही पाहावी; तेलाला जळका वास येत असेल, तर झीज बरीच झाली असे समजावे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. होडीला ब्रेक नसतो. पंखा उलटा फिरवणे हाच तिचा ब्रेक. ही अदलाबदल केल्यावर तो ब्रेक झिजलेल्या क्लचच्या हाती जातो. म्हणून त्याची पकड थोडीफार शिल्लक आहे तोवरच ही युक्ती करावी. थकलेल्या बैलाला हलके काम देता येते. पण बसलेला बैल धक्क्यावर आदळणारी होडी थांबवू शकत नाही.