पांझरेकाठची आखीव नगरी

मुंबई-आग्रा महामार्गाने उत्तरेकडे जाणारा प्रवासी आज धुळे शहराला बाहेरूनच वळसा घालून निघून जातो. आणि ज्या रस्त्याच्या आधाराने हे शहर नावारूपास आले, त्याच रस्त्याने त्याला असे एका बाजूस टाकावे, ही गोष्ट या शहराविषयी आस्था बाळगणाऱ्याला खटकल्यावाचून राहत नाही. खान्देशात येणारा पर्यटक जळगावास उतरून अजिंठ्याकडे वळतो किंवा चाळीसगावाहून पाटणादेवीला जातो. धुळ्यात पाहण्यासारखे काय आहे, असे त्याला कोणी विचारले, तर तो बहुधा निरुत्तर होईल. वस्तुतः परक्या राज्यकर्त्याने हेतुपूर्वक आखलेले आणि एतद्देशीयांनी आपल्या विद्येने व तपश्चर्येने भरून काढलेले असे शहर पाहावयाचे असेल, तर खान्देशवासीयाला दूर जाण्याचे कारण नाही.

परक्या भूमीवर दोरी लावून नगर आखण्याची रीत स्पॅनिश लोकांनी जवळजवळ शास्त्राच्या पदवीस नेली होती. पिझारोने १५३५ साली लिमा वसविले, लेगाझ्पीने १५७१ साली मनिला आपल्या सत्तेचे केंद्र केले, आणि १५७३ मध्ये राजा दुसरा फिलिप याने एक तपशीलवार फर्मान काढून नव्या नगराच्या मध्यभागी चौक असावा, त्याची लांबी रुंदीच्या निदान दीडपट असावी, त्यातून मुख्य रस्ते सरळ निघावेत, येथपर्यंत सर्व काही ठरवून दिले. हाच फिलिप पुढे पोर्तुगालच्याही गादीवर आल्यामुळे आपली वसई आणि गोवा ही १६४० पर्यंत त्याच राजवंशाच्या छत्राखाली होती, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. त्या स्पॅनिश नगरांत चौकाच्या काठी चर्चला मानाची जागा राखलेली असे. धुळ्यात मात्र नव्या सत्तेने प्रथम बांधली ती कचेरी, आणि तिच्यापाठोपाठ वाढविला तो बाजार. या एका भेदात दोन साम्राज्यांच्या स्वभावांतले अंतर पुरेसे स्पष्ट होते.

धुळ्याच्या या नव्या जन्मापूर्वीची हकीकत करुण आहे. १८०३ साली होळकरांच्या फौजांनी केलेली धूळधाण आणि त्याच वर्षीचा भीषण दुष्काळ या दोहोंच्या तडाख्यात सापडून गाव साफ ओस पडले. लळिंग व सोनगीर हे परगणे पेशव्यांनी विंचूरकरांकडे दिलेले होते. विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनी दुसऱ्याच वर्षी रयतेला धीर देऊन गाव पुन्हा वसविले, त्याबद्दल इनाम जमीन व हक्क मिळविले, आणि पुढे दोन्ही परगण्यांचा कारभार हाती आल्यावर धुळ्यासच आपले ठाणे केले. ब्रिटिश अमलाच्या आरंभाशी धुळ्याची कथा सुरू करणाऱ्यांनी या पुरुषाचे नाव गाळणे मला अन्यायाचे वाटते. कारण १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांच्या ताब्यात गेला, तेव्हा जिल्ह्याचे ठिकाण करण्याजोगे गाव येथे उरले होते, ते त्यांच्यामुळे.

नव्या जिल्ह्याचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्याकडे आला आणि त्याने मुख्य ठिकाण म्हणून धुळे निवडले. जानेवारी १८१९ मध्ये मुलकी व न्यायखात्याच्या कचेऱ्या बांधण्याची मंजुरी मिळाली; दूरदूरचे कारागीर आणविण्यात आले; घर बांधू इच्छिणाऱ्यांस कायमच्या बिनसाऱ्याच्या जागा दिल्या गेल्या, आणि जुन्या रहिवाशांस तसेच बाहेरून येणाऱ्यांस पक्की घरे उभारण्याकरिता तगाईदाखल रकमाही देण्यात आल्या. त्या वर्षी धुळ्याची वस्ती होती अवघी २,५०९ आणि घरे ४०१. एका बाजूस पांझरा नदी व दुसऱ्या बाजूस पाण्याचा पाट यांच्या बेचक्यात बसलेले, बागायतीने वेढलेले लहानसे गाव, असे त्याचे तेव्हाचे वर्णन ब्रिग्जने केले आहे. हा गृहस्थ केवळ लष्करी अंमलदार नव्हता. फिरिश्त्याच्या फारसी तवारिखेचे इंग्रजी भाषांतर त्याने पुढे १८२९ मध्ये प्रसिद्ध केले. ज्याने शहर उभारले तो इतिहासाचा व्यासंगी, आणि ज्यांच्या नावाने या शहराची कीर्ती विद्वानांत पसरली ते राजवाडेही इतिहासाचेच उपासक, हा योग विरळा खरा.

शहर पाहावयाचे ते पायी, आणि शक्यतो सकाळी, दुकानांच्या फळ्या निघण्यापूर्वी. शहरातून जाणारा जुना आग्रा रोड हा त्याचा कणा असून त्याच्या अनुरोधाने समांतर गल्ल्या निघालेल्या आहेत. पुण्यात जशी वारांच्या नावांची पेठ पत्त्यात येते, तसा येथे ‘गल्ली नंबर’ येतो, आणि धुळेकर तो आडनावाइतक्या सहजतेने सांगतो. गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले की नजर अडखळत नाही. मधून काटकोनात आडवे रस्ते येतात. वाढत्या रहदारीने आणि फलकांच्या गर्दीने ही रेषा झाकोळली आहे, तरी ती मोडलेली नाही. पाचकंदिलाच्या बाजारपेठेत शिरून मग जुन्या धुळ्यात जावे, म्हणजे फरक पायांनाच कळतो. तेथे वाटा वळतात, घरे एकमेकांना खेटून बसतात. ब्रिग्जने जुने गाव मोडून त्यावर आपली आखणी लादली नाही, त्याच्या शेजारी नवे गाव मांडले; त्यामुळे दोन वृत्तींची दोन गावे आजही एका दुपारच्या आत पाहून होतात.

या आखणीचे श्रेय पुष्कळ लोक सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना देतात. ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले १८८४ साली. तेव्हा मूळ आखणीला साठांहून अधिक वर्षे उलटून गेली होती. परंतु या समजुतीच्या मुळाशी सत्याचा अंश आहे. तरुण विश्वेश्वरय्यांच्या नोकरीचा आरंभीचा काळ खान्देशात गेला, आणि साक्री तालुक्यात दातर्ती येथे पांझरेच्या पात्राखालून नळ ओवून पाटाचे पाणी पलीकडे नेणारा सायफन त्यांनी भर पावसाळ्याच्या अडचणीत पुरा केला. एका थोर स्थापत्यविशारदाची ही पहिली परीक्षा पांझरेने घेतली, हे धुळेकरांच्या अभिमानाला पुरेसे आहे.

आणि पांझरेवर पाणी वळविण्याची विद्या इंग्रजांनी आणली नाही. शतकानुशतके या खोऱ्यात दगडी बंधारे घालून पाट काढलेले आहेत आणि त्या पाटांखालची शेती ‘फड’ पद्धतीने चालते. बंधाऱ्याखालचे क्षेत्र काही फडांत विभागायचे. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. पाटकऱ्याने पाणी सोडायचे, बारेकऱ्याने ते शेतास लावायचे, जागल्याने राखण करायची. आणि नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी तुटीचा वाटा सर्वांनी सारखा सोसायचा. ब्रिग्जने ज्या पाटाचा उल्लेख केला तो या परंपरेतला. नव्या शहराची रेघ ओढली गेली तेव्हा तिची एक सीमा शेतकऱ्यांनी आधीच ठरवून ठेवलेली होती. नदीचा मात्र भरवसा नसे. १८७२ च्या महापुराने शहरातील घरादारांचे अतोनात नुकसान केले.

धुळ्यात येऊन राजवाडे संशोधन मंडळ न पाहता परतणे म्हणजे देवळात जाऊन गाभाऱ्याशी न थांबणे होय. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव वणवण करून, माळ्यांवरील गाठोडी आणि वाड्यांतील दप्तरे धुंडाळून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ बावीस खंडांत प्रकाशात आणली. त्यांतील पहिला खंड १८९८ चा. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करणारा हा पुरुष आयुष्याच्या अखेरीस धुळ्यात राहिला, आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी येथेच त्याची इहयात्रा संपली. मागे राहिला तो कागदांचा संभार. त्याची वाताहत होऊ न देता धुळेकरांनी १९२७ मध्ये मंडळ स्थापिले, आणि राजवाड्यांनी जमविलेल्या धातूंचा कोश १९३७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. व्यापारउदिमाच्या शहराने एका अकिंचन पंडिताचे हे ऋण फेडले, ही धुळ्याच्या नागर चरित्रातील सर्वांत उदात्त घटना आहे, असे माझे मत आहे.

मंडळात शिल्पे आहेत, नाणी आहेत, चित्रे आहेत. पण पाहणाऱ्याने जास्तीत जास्त वेळ द्यावा तो कागदाला. मोडीतला एखादा जुना कागद निरखून पाहावा. लेखकाने प्रथम पानभर आडवी शिरोरेघ ओढून घेतली आणि मग बोरू फारसा न उचलता अक्षरे तिच्याखाली लटकवीत नेली, हे शाईच्या जाडबारीक फराट्यांवरून उमगते. शब्दाशब्दांत अंतर नाही, विरामचिन्ह नाही. माथ्यावर ‘श्री’, आणि अखेरीस मजकूर संपल्याची खूण म्हणून मोर्तब. त्या एका पानात महसूल असतो, तक्रार असते, कधी लग्नाच्या खर्चाची यादीही असते. असे कागद वाचू शकणारी माणसे दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहेत, आणि खान्देशातील महाविद्यालयांनी आपले विद्यार्थी मोडी शिकवून अशा संग्रहांकडे धाडले नाहीत, तर हे धन असून नसल्यासारखे होईल, ही चिंता मनातून जात नाही.

याच तोलाचे दुसरे स्थान म्हणजे श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर. धुळ्याचे वकील शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापिली आणि रामदासी मठ धुंडाळून समर्थ संप्रदायाची बाडे गोळा करण्यात आयुष्य वेचले. समर्थांच्या स्वहस्ताक्षरातील म्हणून परंपरेने मानलेली वाल्मीकिरामायणाची पोथी या संग्रहाचे भूषण आहे. वकिली सांभाळून एका माणसाने उभारलेले हे भांडार पाहिले की विद्यापीठे नसतानाच्या काळी आपल्या जिल्ह्यांतून विद्या कोणी जगविली, याचा उलगडा होतो.

शहरातील तुरुंग आजही तुरुंगच आहे, त्यामुळे तो बाहेरूनच पाहावा लागतो. तथापि तेथे थांबावे. १९३२ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी येथील राजबंद्यांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले, आणि अमळनेरच्या शाळेतील नोकरी सोडून चळवळीत उतरलेल्या साने गुरुजींनी ते उतरून घेतले. श्रोत्यांत जमनालाल बजाज होते. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ अनेक भारतीय भाषांत गेला. तो सांगितला गेला मराठीत आणि लिहिला गेला या भिंतींच्या आत. सरकारने माणसे कोंडली, आणि त्या कोंडीतून ग्रंथ निर्माण झाला.

पांझरेच्या काठी देवपुरात एकवीरा देवीचे देऊळ आहे. खान्देशातील असंख्य कुळांची ती कुलदेवता, आणि चैत्राच्या यात्रेत तेथे पाय ठेवावयास जागा नसते. उत्तरेस आग्रा रस्त्यावरच सोनगीर लागते. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी ते पूर्वापार ओळखले जाते. रेल्वेने येणाऱ्यास १९०० साली सुरू झालेला चाळीसगाव-धुळे फाटा सोयीचा आहे. १९०६ मध्ये खान्देशाची पूर्व व पश्चिम अशी फाळणी झाली आणि पुढे जळगाव व धुळे हे निराळे जिल्हे झाले, तरी हा लहानसा लोहमार्ग दोहोंना जोडून आहे.

एक सकाळ लळिंगसाठी राखून ठेवावी. शहराच्या दक्षिणेस सुमारे १० किलोमीटरवर, आग्रा रस्त्याला लागूनच हा किल्ला आहे. खान्देशाच्या फारुकी घराण्याचा मूळ पुरुष मलिक राजा याने लळिंग वडील मुलगा नासिर याला आणि थाळनेर धाकट्याला दिले. याच नासिराने पुढे असीरगड घेतला आणि बुऱ्हाणपूर वसविले. ब्रिग्जने इंग्रजीत आणलेल्या फिरिश्त्याच्या ग्रंथात ही घराणेकथा आली आहे. लळिंगच्याच परिसरात लांडोर बंगला असून, १९३७ मध्ये धुळ्यास आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा तेथे मुक्काम झाला होता. त्या स्मरणार्थ दरवर्षी ३१ जुलैला हजारो अनुयायी येथे जमतात. त्या दिवसांत पावसाने कुरण हिरवे झालेले असते, गडाची वाट मात्र निसरडी. चढाईच करावयाची तर दिवाळीनंतर यावे.