जुन्या टेम्पोचा डॅशबोर्ड बदलताना : फ्यूजच्या जागी तार नको

पुण्याच्या मार्केट यार्डात दिवस मध्यरात्रीनंतरच उजाडतो. पुरंदरची अंजिरे आणि सीताफळे, जुन्नरकडची भाजी, रमजानच्या आधी खजूर आणि कलिंगडे असा सगळा माल टेम्पोतून येतो आणि टेम्पोतूनच शहरभर जातो. आपल्या कितीतरी घरांची रोजीरोटी या गाड्यांवर आहे. कोणी मालक, कोणी ड्रायव्हर, कोणी वायरिंगवाला. आम्ही शाळेत शिकवतो, पण वर्गातली बरीच मुले याच घरांतली असल्यामुळे गाड्यांच्या गोष्टी आमच्यापर्यंत रोज येतात.

अशीच एक गोष्ट. नववीतल्या एका मुलाचे अब्बा सीताफळे भरून सासवडहून निघाले होते. सुट्टी होती, म्हणून मुलगाही केबिनमध्ये होता. दिवे घाट उतरताना डॅशमागून जळका वास आला, धूर निघाला आणि दोन्ही हेडलाइट एकदम गेले. अब्बांनी अंदाजाने गाडी डोंगराच्या बाजूला घेतली आणि बॅटरीची वायर ओढून काढली. मागून येणाऱ्या ट्रकला मुलाने मोबाइलचा टॉर्च हलवून थांबवले. अल्लाहचे करम, दोघे सुखरूप घरी आले. सोमवारी मुलाने वर्गात विचारले, “सर, फ्यूज असतो तर वायर जळते कशी?”

उत्तर सोपे होते. फ्यूज नव्हताच. तो वारंवार उडतो म्हणून कधीतरी कोणीतरी त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळली होती.

नंतर अब्बा भेटले तेव्हा म्हणाले, “सर, जळालेली वायर बदलतो, दोन नवे स्विच मारतो. चालेल ना?” आम्ही म्हणालो, या वेळी पूर्ण डॅश उघडा. का, ते खाली सांगतो.

जळते ते नेमके काय?

टाटा 407 सारखी गाडी 1986 पासून आपल्या रस्त्यावर आहे. अशा जुन्या गाडीचा डॅश उघडला की मूळ वायरिंग कमी आणि नंतरचे जोडकाम जास्त दिसते. टेपसाठी एक वायर, पंख्यासाठी दुसरी, रंगीत दिव्यांसाठी तिसरी. मूळ स्विच बिघडला की शेजारी भोक पाडून साधा खटक्याचा स्विच बसवलेला.

आता दहावीपर्यंत शिकलेले गणित करू. हेडलाइटचा नेहमीचा बल्ब हाय बीमवर 60 वॅटचा. दोन बल्ब म्हणजे 120 वॅट. बॅटरी 12 व्होल्टची. 120 भागिले 12, म्हणजे 10 अँपिअर. हा सगळा प्रवाह त्या छोट्या स्विचमधून जातो. स्विचचा पत्रा काळा पडला, जोड सैल झाला, की तिथे विरोध तयार होतो. तो फक्त 0.2 ओहम धरला तरी 10 अँपिअरला त्या एका जागी 20 वॅट उष्णता निघते. एवढ्या वॅटची इस्त्री रेडिओवाले कथील वितळवायला वापरतात! शिवाय तिथेच 2 व्होल्ट खर्च होतात आणि दिवा मंद लागतो. मग ड्रायव्हर म्हणतो, बल्ब कमजोर आहे, 100 वॅटचा टाकू. प्रवाह वाढतो, स्विच आणखी तापतो, प्लास्टिक वितळते.

फ्यूज इथेच कामाला येतो. फ्यूज बल्ब वाचवण्यासाठी नसतो, वायर वाचवण्यासाठी असतो. वायर जळण्याआधी आपण जळायचे, एवढेच त्याचे काम. तो पुन्हापुन्हा उडत असेल तर तो काहीतरी सांगतोय. तार गुंडाळणे म्हणजे त्याचे तोंड बंद करणे.

काम सुरू करण्याआधी

पहिले काम पाना हातात घेण्याचे नाही, मोबाइल हातात घेण्याचे. डॅश जसा आहे तसा चारी बाजूंनी फोटो काढा. मीटरवरचे किलोमीटर लिहून ठेवा, कारण मीटर बदलला तर जुना आकडा नोंदीत असलेला बरा. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. बसवताना ती सर्वांत शेवटी.

प्रत्येक वायर सोडवण्याआधी तिला पांढऱ्या टेपची चिठ्ठी लावा : हेडलाइट, पार्किंग, हॉर्न, वायपर, डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, डिझेलचा काटा, ऑइलचा दिवा, चार्जिंगचा दिवा. रंगावर विसंबू नका. जुन्या गाडीत लाल वायरला मधेच निळी जोडलेली असते. आमच्या त्या विद्यार्थ्याने हे काम स्वतः केले. चिठ्ठ्या लावता लावता सहा वायरी अशा सापडल्या की ज्यांच्या टोकाला काहीच नव्हते, पण करंट मात्र येत होता.

नवा पॅनेल कशाचा?

पुण्यात सामानाला तोटा नाही. नाना पेठेत नवे पार्ट मिळतात, बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारातही शोधता येते. जुन्या गाडीचा अख्खा डॅश मिळाला तर उत्तम, फक्त तडे आणि कपलरचे कान तपासून घ्या. स्विच, फ्यूज आणि रिले मात्र नवेच घ्या.

काहीजण प्लायचा पॅनेल बनवून घेतात. प्लाय ओल धरतो आणि पेटतोही. पत्रा किंवा चांगले जाड प्लास्टिक बरे. इथे एक चूक हमखास होते. जुना डॅश लोखंडी असेल तर मीटर आणि दिव्यांना अर्थ त्या पत्र्यातूनच मिळत असतो. प्लास्टिकचा पॅनेल बसवला की तो अर्थ तुटतो आणि काटे वेडेवाकडे नाचू लागतात. लोक मीटर परत करायला दुकानात जातात! दोष मीटरचा नसतो. प्रत्येक मीटरपासून चेसिसपर्यंत वेगळी अर्थ वायर टाकावी लागते.

डिझेलचा मीटर घेताना टाकीतल्या फ्लोटशी जुळणारा घ्या. दोघांचे ओहम वेगळे असले की टाकी अर्धी असताना काटा भरलेली दाखवतो. चार्जिंगचा लाल दिवाही निकामी समजू नका. बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर सुरू होण्यासाठी लागणारा थोडा करंट याच बल्बमधून जातो. तो काढला किंवा तिथे नुसता एलईडी लावला, तर बॅटरी चार्ज होणे थांबू शकते.

जोडणीचे पाच नियम

एक, बॅटरीजवळ एक मुख्य फ्यूज आणि पुढे प्रत्येक कामाला वेगळा फ्यूज. पट्टीच्या फ्यूजमध्ये लाल 10 अँपिअरचा, निळा 15 चा, पिवळा 20 चा, हिरवा 30 चा. लालच्या जागी हिरवा कधीच नको.

दोन, हेडलाइट आणि हॉर्नला रिले लावा. रिलेच्या 85 आणि 86 नंबरला स्विचचा छोटा करंट, 30 ला फ्यूजमधून बॅटरी, 87 ला दिवा. मोठा प्रवाह रिलेतून जातो, हातातला स्विच थंड राहतो.

तीन, वायर पिळून वर टेप गुंडाळणे बंद. लग दाबून बसवा, वर स्लीव्ह घाला. वायर पत्र्यातून जाते तिथे रबराची वाटी हवीच. पत्र्याची धार हादऱ्याने वायर सोलते आणि शॉर्ट होतो.

चार, स्विच जुन्याच जागी ठेवा. अंधारात डोळा नाही, हात स्विच शोधतो.

पाच, प्रत्येक फ्यूजखाली त्याचे नाव मराठीत किंवा उर्दूत, घरात जे वाचता येते त्यात लिहा.

कोकणात आपले भाऊबंद मच्छीमारी करतात, त्यांच्या जुन्या बोटींनाही हेच लागू आहे. फरक एवढाच की खारी हवा तांबे लवकर खाते, म्हणून तिथे कथिलाचा मुलामा असलेली वायर बरी. टेम्पो निदान रस्त्याकडेला थांबतो, भर समुद्रात डावा लाल आणि उजवा हिरवा दिवा गेला तर समोरच्या जहाजाला बोटीचा रोख कळत नाही.

बॅटरी जोडण्याआधी एक परीक्षा

सगळे स्विच बंद ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर थेट न लावता मधे 21 वॅटचा ब्रेकलाइटचा बल्ब जोडा. बल्ब लागला नाही तर ठीक. लख्ख लागला तर कुठेतरी शॉर्ट आहे. धूर न काढता चूक सापडते. मग थेट बॅटरी जोडून एकेक फ्यूज बसवत जा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 14 व्होल्ट दिसले पाहिजेत. इंडिकेटर मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकला पाहिजे.

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करावे लागते. दिवे, वायपर, हॉर्न तिथे बघतातच. बाहेर केलेल्या वायरिंगचे बिल जपून ठेवा. आग लागली तर विम्याचा माणूस पहिला प्रश्न वायरिंगचाच विचारतो.

त्या टेम्पोचे काम दोन दिवस चालले. अब्बांच्या दोन खेपा बुडाल्या, आणि महिना अखेरीला ते घराला जाणवलेच. पण त्यांनी स्वतःच हिशेब मांडला : “सर, त्या रात्री घाटात सगळेच जात होते.” मुलाने वायरिंगचा नकाशा वहीत काढला, त्याची प्रत आता फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत चिकटवलेली आहे.

आपल्या घरात टेम्पो, रिक्षा किंवा व्हॅन असेल तर आज रात्री खेपेला निघण्यापूर्वी एवढेच करा. फ्यूज बॉक्सचे झाकण उघडा आणि बघा, आत फ्यूज आहे की तार.